मुलगी अंतराळवीर व्हायचं म्हणते. धोका नेमका कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा होता: “आम्ही कोल्हापूरचे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. शुभांशू शुक्लांचं उड्डाण बघितल्यापासून अंतराळवीर व्हायचं म्हणून बसलीय. तिच्या आईला कल्पना चावला गेल्या त्या संध्याकाळच्या बातम्या अजून आठवतात, त्यामुळं घरात रोज वाद. साठ वर्षांच्या वर माणूस अंतराळात जातोय, तरी अजून माणसं मरण्याचा धोका का? आणि तो नेमका कशाचा?”

वहिनींची भीती खोटी नाही, हे आधीच सांगतो. पण ती बहुतेक चुकीच्या जागी बसलीय, आणि ती जागा दाखवायलाच एवढं लांबलचक लिहितोय.

मी स्वतः कधी वर गेलो नाही. तिरुवनंतपुरमला बत्तीस वर्षं अग्निबाणांचे व्हॉल्व्ह आणि सील तपासण्यात गेली. आता निवृत्त होऊन उद्यमनगराला लागून असलेल्या आमच्या जुन्या घरी आलोय. अंतराळवीर ज्यांच्या भरवशावर वर जातो त्यातल्या जेवणाच्या डब्यात मावतील एवढ्या वस्तू पास किंवा नापास करायच्या, एवढंच माझं काम होतं. त्यामुळं माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरून वाचा.

आधी हिशेब. आजवर सहाशेहून जास्त माणसं अंतराळात जाऊन आली. मोहीम चालू असताना यानातच मेले ते १८: १९६७ मध्ये एक, १९७१ मध्ये तीन, १९८६ मध्ये सात, २००३ मध्ये सात. अमेरिकेच्या एक्स-१५ विमानाचे मायकेल ॲडम्स १९६७ मध्ये ८० किलोमीटरची रेघ ओलांडून परतताना गेले. त्यांना धरलं तर १९. म्हणजे शंभर माणसांमागं साधारण तीन. अमेरिकेच्या स्पेस शटल या पुन्हापुन्हा वापरायच्या यानांनी मिळून १३५ उड्डाणं केली आणि त्यातली दोन यानं गेली, म्हणजे ६७ फेऱ्यांत एक. केएमटीच्या एखाद्या मार्गावर रोज ६७ फेऱ्या होत असत्या आणि त्यातली एक बस रोज परत आली नसती, तर आपण पोरांना त्या बसमध्ये बसवलं नसतं. हा धोका लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या १८ जणांना कशानं मारलं ते बघा. उल्का आदळून कुणी गेलं नाही. वाट चुकून अंधारात कुणी हरवलं नाही. एक पॅराशूट, एक व्हॉल्व्ह, एक रबरी रिंग आणि फोमचा एक तुकडा, एवढ्यावर चारही अपघात उरकतात. यातल्या बहुतेक वेळी घोटाळा आधी कुणाच्या तरी डोळ्यासमोर येऊन गेलेला होता. बघणाऱ्यानं तो बघितला, नोंदवलासुद्धा, आणि मग जे झालं त्याला आपल्या कोल्हापूरच्या बोलीत अगदी नेमका शब्द आहे: “चालतंय की!”

हा शब्द मी पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी ऐकला तो सतरा वर्षांचा असताना. सुट्टीत एका फौंड्रीत हाताखाली जायचो. पंपाच्या केसिंगचं कास्टिंग साच्यातून निघालं की कधीकधी त्यात हवेचं भोक राहायचं, ब्लोहोल. ते दिसलं की त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरून रंग मारायचा आणि जॉब पुढं ढकलायचा. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “चालतंय की, पाणीच तर उपसायचंय.” आणि खरंच चालायचं हो! घोटाळा तिथंच आहे. दहातले नऊ पंप शेतकऱ्याच्या विहिरीवर वर्षानुवर्षं चालले. म्हणून तर सवय लागते.

पंपात चालतं ते अग्निबाणात का चालत नाही? पंपाच्या केसिंगला आपण गरजेच्या तिप्पट-चौपट ताकद देऊन ठेवतो. लोखंड स्वस्त आणि वजनाचं कुणाला पडलेलं नसतं. अंतराळात एकेक ग्रॅम वर न्यायचा असतो, त्यामुळं माणसं नेणाऱ्या यानातसुद्धा बऱ्याच भागांना दीडपटीच्या आतबाहेरच ताकद ठेवता येते. त्यात वेग. पृथ्वीभोवती फिरणारं यान सेकंदाला ७.८ किलोमीटर धावतं. त्या वेगात प्रत्येक किलो वजनामागं सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा भरलेली असते. रशियाच्या सोयुझची परत येणारी कुपी तीन टनांच्या आसपास आहे. तिच्यात मावलेली ऊर्जा म्हणजे स्वयंपाकाचे जवळजवळ १४० भरलेले सिलिंडर. परत येताना ती सगळी हवेला घासून उष्णतेत घालवायची असते, आणि आत माणसं बसलेली असतात. लांबी भरायला तिथं जागाच नसते.

आता इतिहास. सगळा सांगत बसत नाही, जिथं काही शिकण्यासारखं आहे तिथंच थांबतो.

युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीची फेरी मारून आले, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याच्या तीनच आठवडे आधी, २३ मार्चला, त्यांच्याच तुकडीतला वॅलेंतिन बोंदारेंको हा तरुण जमिनीवरच्या चाचणी-कक्षात भाजून मेला. कक्षात ऑक्सिजनचं प्रमाण जास्त होतं. स्पिरिटचा कापूस विजेच्या गरम शेगडीवर पडला आणि भडका उडाला. सोव्हिएत सरकारनं ही बातमी १९८६ पर्यंत जगाला कळू दिली नाही.

२७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेत अपोलो-१ च्या यानात ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे उड्डाणतळावरच्या सरावात जळाले. आत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबानं भरलेला. जिकडंतिकडं नायलॉन आणि व्हेल्क्रो. दार आतल्या बाजूला उघडणारं. आतला दाब वाढला की ते आणखी घट्ट बसतं, कितीही जोर लावला तरी उघडत नाही. आपल्या उद्यमनगरातला गॅस वेल्डिंगवालासुद्धा पोऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो की ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावू नको. मग एवढ्या हुशार लोकांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. अमेरिकेतल्या चाचणी-कक्षांतही ऑक्सिजनच्या आगी लागून गेल्या होत्या. पण मर्क्युरी आणि जेमिनी या आधीच्या दोन्ही मालिकांतल्या यानांत शुद्ध ऑक्सिजनच वापरला होता आणि काही झालं नव्हतं. त्या दिवशी अग्निबाणात इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून कागदोपत्री ती चाचणी ‘धोकादायक’ या वर्गात धरलेलीच नव्हती. हे तिघे वरच्या १८ मध्ये येत नाहीत, कारण उड्डाण झालंच नव्हतं. त्यानंतर दार बाहेर उघडणारं झालं आणि तळावर असताना यानात नायट्रोजन मिसळलेली हवा आली.

त्याच वर्षी २४ एप्रिलला सोयुझ-१ चे व्लादिमीर कोमारोव्ह गेले. आधीच्या विनामानव चाचण्या धड झालेल्या नव्हत्या, तरी माणूस बसवला. वर गेल्यावर एक सौरपंख उघडला नाही, म्हणून मोहीम आवरती घेतली. उतरताना मुख्य पॅराशूट खोक्यातून बाहेरच आलं नाही आणि दुसरं गुंतलं. यावर जास्त लिहीत नाही. घाई हेच कारण, आणि घाईनं काय होतं हे कुणाला शिकवायला नको.

सोयुझ-११ वर मात्र मी थांबणार, कारण तो माझ्या धंद्याचा अपघात आहे. जून १९७१. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे सॅल्युत-१ या जगातल्या पहिल्या अंतराळस्थानकावर तेवीस दिवसांची मोहीम करून परत निघाले. ३० जूनला कुपी कझाकस्तानात अगदी ठरल्याप्रमाणं उतरली. पॅराशूट उघडलं, सगळं व्यवस्थित. सुटकेला आलेल्या लोकांनी दार उघडलं तर तिघेही आपापल्या जागी पट्ट्यांत बसलेले. मृत.

झालं होतं ते असं. उतरायच्या आधी यानाचे भाग एकमेकांपासून सुटे करायला स्फोटक बोल्ट उडवतात. ते एकामागून एक उडायला हवे होते, ते एकदम उडाले. त्या धक्क्यानं हवेचा दाब समान करणारा एक छोटा व्हॉल्व्ह उघडला. तो उघडायचा होता जमिनीपासून चार किलोमीटरवर, बाहेरची ताजी हवा आत घ्यायला. उघडला १६८ किलोमीटरवर. आतली हवा निघून चालली. तो हातानं बंद करता येत होता, पण त्याला जवळपास मिनिट लागायचं, आणि पोकळीत माणसाची शुद्ध दहा-पंधरा सेकंदांत हरपते. तो व्हॉल्व्ह अर्धवट बंद केलेल्या अवस्थेत सापडला. म्हणजे त्यांना कुठून हवा जातेय ते कळलं होतं, हात पोचला होता, वेळ पुरला नाही. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, प्रत्यक्ष अंतराळात मेलेली माणसं आजवर एवढी तीनच.

अंगात दाबाचा पोशाख असता तर तिघे हसत बाहेर आले असते. पोशाख का नव्हता? तीन माणसं पोशाखासकट त्या कुपीत मावत नव्हती. आणि १९६४ मध्ये व्होस्खोद यानातून तिघांना पोशाखाशिवाय पाठवलं होतं, ते सुखरूप आले होते. पुन्हा तेच, चालतंय की. नंतर सोयुझमध्ये दोघेच बसू लागले, पोशाख घालून, आणि पोशाखासह तिसरी जागा मिळायला १९८० साल उजाडलं.

जाता जाता एक. या मोहिमेवर जायचं होतं मुळात लिओनोव्ह, कुबासोव्ह आणि कोलोदिन या तिघांना. उड्डाणाच्या तोंडावर कुबासोव्हच्या फुप्फुसावर डाग दिसला, क्षयाची शंका आली, म्हणून राखीव तुकडी गेली. कुबासोव्हला क्षय नव्हताच. तोच कुबासोव्ह आणि तोच लिओनोव्ह १९७५ मध्ये अमेरिकनांशी अंतराळात हस्तांदोलन करून आले. आमची आजी अशा वेळी कपाळाला बोट लावायची. मी व्हॉल्व्हकडं बोट दाखवतो, पण कधीकधी आजीचंही पटतं.

चॅलेंजर या शटलची गोष्ट सगळ्यांना वरवर माहीत असते. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद, सात माणसं, त्यात ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका. कारण रबराची ओ-रिंग. आता जरा आत शिरू. शटलच्या दोन्ही अंगांना घन इंधनाचे बूस्टर असायचे, ३.७ मीटर व्यासाचे. ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेले आणि प्रत्येक जोडात साधारण ७ मिलिमीटर जाडीच्या दोन रिंगा. इंजिन पेटल्यावर जोड किंचित फाकतो. त्या क्षणी रिंगेनं फुगून फट भरायची असते. रबर गार असेल तर ते आळसावतं, फट भरायला उशीर करतं आणि तेवढ्यात तापलेला वायू निसटतो.

आधीच्या कित्येक उड्डाणांत परत आणलेल्या बूस्टरमध्ये रिंगा कुरतडलेल्या सापडल्या होत्या. जानेवारी १९८५ मध्ये, साधारण १२ अंश तापमानाच्या उड्डाणात, गळती सगळ्यात वाईट होती. मग काय केलं? ‘हे सुटल्याशिवाय उड्डाण नाही’ अशी अट घातली आणि नंतर प्रत्येक उड्डाणाला ती अट सही करून माफ केली. वेव्हर म्हणतात त्याला. चॅलेंजरच्या आदल्या रात्री फोनवर बैठक झाली. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी, त्यात रॉजर बॉइसजोली पुढं होते, स्पष्ट सांगितलं की १२ अंशांच्या खाली उडवू नका. नासाकडून दाब आला. तेव्हा कंपनीतल्या वरिष्ठानं आपल्याच मुख्य इंजिनियरला सांगितलं की इंजिनियरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाल. त्यानं घातली. सकाळी तापमान होतं २ अंश.

पुढं चौकशी समितीच्या बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सगळ्यांसमोर रिंगेचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून क्लॅम्प सोडला आणि रबर पूर्ववत होत नाही ते दाखवलं. त्याच फाइनमननी विचारपूस केली तेव्हा नासाचे वरचे अधिकारी म्हणत होते की यान गमावण्याची शक्यता लाखात एक, आणि खाली हात काळे करणारे इंजिनियर म्हणत होते शंभरात एक. १३५ मध्ये २ हा निकाल बघा, कोण जवळ होतं ते कळेल.

इथं माझीही एक कबुली. व्हॉल्व्हची गळती आम्ही हेलियमनं मोजतो, आणि तिची एक मर्यादा ठरलेली असते. एका व्हॉल्व्हचे एकामागून एक पाच लॉट मर्यादेच्या अगदी किंचित वर आले. पाचही सवलत देऊन वापरले गेले, काही बिघडलं नाही. सहावा आला तेव्हा मी कागदावर लिहिलं, ‘मागील अनुभवावरून स्वीकारार्ह’. आमच्या एक वरिष्ठ बाई होत्या, त्यांनी कागद परत पाठवला आणि मला बोलावून विचारलं, “मागचा अनुभव म्हणजे काय हो? मागं वाचलो, एवढंच ना?” मग सहाही आकडे एका आलेखावर मांडायला लावले. रेघ वर चढत होती. प्रत्येक लॉट आधीच्यापेक्षा थोडा जास्त गळत होता आणि मी प्रत्येकाची तुलना मर्यादेशी केली होती, आधीच्याशी केलीच नव्हती. व्हॉल्व्ह खोलला तर सीटवर, म्हणजे झाकण टेकतं त्या जागेवर, बारीक ओरखडा. पॉलिश करताना जॉब धरायचं फिक्स्चर झिजलं होतं. तीन दिवसांचं काम, बदललं, संपलं. त्या तीन दिवसांत मला धड झोप लागली नाही.

पंचगंगेचं उदाहरण घ्या म्हणजे घरात समजेल. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आपल्याकडं ४३ ओलांडलं की लोक काय बघतात? २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते. ‘आमच्या दारात तेव्हा आलं नव्हतं, आता कशाला येतंय’ म्हणून माडीवर सामान न हलवता बसलेली किती घरं २०१९ ला होडीतून काढावी लागली! पाण्यानं पंचावन्न फूट ओलांडले. मागच्या वेळी वाचलो हे मोजमाप धरलं की आकडा डोळ्यासमोर असून दिसत नाही.

कोलंबिया या शटलचं हेच झालं. वहिनींना आठवतेय ती १ फेब्रुवारी २००३ ची संध्याकाळ, आपल्याकडं साडेसात वाजत होते. पण यानाला जखम झाली होती १६ दिवस आधी, उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला. बाहेरच्या इंधनटाकीवरून पाऊण किलो वजनाचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. थर्माकोलसारखी हलकी वस्तू, पण आदळली ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगानं. फोम तर आधीही पडायचा, कित्येक उड्डाणांत. परत आल्यावर उष्णता अडवणाऱ्या टाइल्सची डागडुजी करायची, एवढाच त्याचा अर्थ लावलेला. दोनच उड्डाणं आधी त्याच जागचा तुकडा सुटून बूस्टरवर आदळला होता, तरी पुढची उड्डाणं झाली. कोलंबिया वर असताना इंजिनियरांनी पंखाचे फोटो काढायची मागणी केली. ती वर पोचता पोचता विरली. नंतर बंदुकीनं फोम झाडून तसल्याच पंखाच्या तुकड्यावर प्रयोग केला तर साधारण ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. चौकशी समितीनं असंही म्हटलं की वेळीच कळलं असतं तर दुसरं शटल पाठवून सुटका करणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. हे वाक्य मी वहिनींना वाचून दाखवणार नाही. तुम्हाला सांगतोय.

शटलबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. पहिल्या चार चाचणी-उड्डाणांत दोघा वैमानिकांना बाहेर उडवणाऱ्या खुर्च्या होत्या. नंतर माणसं वाढली आणि त्या गेल्या. वर चढताना निसटायची धड सोय नाही असं यान जवळजवळ तीस वर्षं उडवलं. उलट दिसायला ओबडधोबड असलेल्या सोयुझच्या टोकावर सुटकेचा छोटा अग्निबाण असतो. २६ सप्टेंबर १९८३ ला तळावरच सोयुझचा अग्निबाण पेटला, तेव्हा त्यानं तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांची कुपी ओढून नेली आणि पाठीमागं सगळं तळ उडालं. दोघांची हाडं खिळखिळी झाली, पण जगले. ११ ऑक्टोबर २०१८ ला जोडणी करताना वाकलेल्या एका पिनेमुळं बूस्टर नीट सुटला नाही आणि अग्निबाण हवेत मोडला. ओव्हचिनिन आणि हेग दोघेही सुखरूप उतरले आणि पाच महिन्यांत पुन्हा वर गेले. पिन वाकायची ती वाकणारच. पिन वाकली तरी माणूस वाचला पाहिजे, ही सोय केलीय का ते विचारा.

‘आता शहाणपण आलंय, आता नाही होत असं’ म्हणाल तर १६ जुलै २०१३ ऐका. इटलीचे लुका परमितानो आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी भरू लागलं. अंतराळात पाणी खाली पडत नाही, चेहऱ्याला गोळ्यासारखं चिकटतं. डोळे, कान, नाक पाण्यात. शेवटी जवळपास दीड लिटर पाणी निघालं. दोर चाचपत ते दारापाशी आले. जमिनीपासून चारशे किलोमीटर वर माणूस बुडून मरायला आला होता! आणि आठवडाभर आधी त्याच पोशाखात पाणी सापडलं होतं. पिण्याच्या पिशवीतून सांडलं असेल म्हणून विषय मिटवला होता. खरं कारण पोशाखातल्या पंपात अडकलेला गाळ.

शरीराचे धोके मी भरभर सांगतो, तो डॉक्टरांचा प्रांत. वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, म्हणून वर रोज दोन तास व्यायाम. डोळ्यांमागं द्रव साठून नजर बदलते. किरणोत्सर्ग स्थानकावर एका दिवसात मिळतो तेवढा आपल्याला जमिनीवर काही महिन्यांत मिळतो. चंद्रावर किंवा मंगळावर जायचं तर पृथ्वीच्या चुंबकीय छत्रीबाहेर जावं लागतं आणि तिथं सूर्याचं वादळ आलं की आडोसा नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये असं मोठं वादळ झालं, ते नेमकं एप्रिलमधल्या अपोलो-१६ आणि डिसेंबरमधल्या अपोलो-१७ यांच्या मध्ये. तेव्हा चंद्रावर कुणी नव्हतं हा निव्वळ योगायोग. मंगळाचा प्रवास जाताना सहा-सात महिन्यांचा. तिथं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता बदललंय काय? जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवडाभरासाठी गेले आणि नऊ महिन्यांनी आले. आपल्या वाहिन्यांनी ‘अडकल्या, अडकल्या’ म्हणून ऊर बडवला. मला ती बातमी चांगली वाटली. यानाच्या छोट्या इंजिनांवर भरवसा राहिला नाही, हेलियम गळत होता, तेव्हा नासानं यान सप्टेंबरमध्ये रिकामं परत आणलं. ते रिकामं यान नीट उतरलं, म्हणून ‘माणसं बसवली असती तरी चाललं असतं’ असं म्हणणारे निघालेच. मी त्यांना ब्लोहोलची गोष्ट सांगतो. शुभांशूंचं उड्डाणही पुढं गेलं होतं ते अग्निबाणात द्रव ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून. तारीख पुढं गेली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. माझा भांड्यात पडतो.

आपलं गगनयान आधी २०२२ ला उडणार होतं. लोक हसतात. हसू द्या. तिकडं उड्डाणाआधी सुटकेच्या यंत्रणेचीच चाचणी पहिल्यांदा झाली, जुलै २०१८ मध्ये. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत संगणकानं अवघे पाच सेकंद उरले असताना मोजणी थांबवली. चूक शोधून त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण केलं, कुपी बंगालच्या उपसागरात व्यवस्थित उतरली. थांबलेल्या मोजणीला टाळ्या वाजत नाहीत, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर त्या दिवसाचं खरं काम तिथं झालं.

म्हणजे धोका किती? नव्या खासगी यानांसाठी नासानं घातलेली अट अशी, की माणसं गमावण्याची वेळ २७० मोहिमांत एकदाहून जास्त येऊ नये. विमानाच्या मानानं हा आकडा भयानक आहे, शटलच्या मानानं चौपट बरा. तुमच्या मुलीची वेळ यायला पंधरा-वीस वर्षं आहेत, तोवर आणखी सुधारेल. शून्य होणार नाही. मला विचाराल तर तिला जाऊ द्या. अडवून उपयोग नाही आणि या वयात दुसरं काही ठरवलं असतं तरी त्यात धोका होताच.

वाट मात्र नीट समजावून घ्या. गगनयानासाठी निवडलेले पहिले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. मुलींना २०२२ पासून एनडीएत प्रवेश मिळतो, म्हणून बारावीच्या अभ्यासाबरोबर ती परीक्षा द्यायला लावा. डोळे आताच तपासून घ्या. पुढं वैज्ञानिक आणि डॉक्टरही लागणार आहेत, त्यामुळं वैमानिक नाही झाली तर दार बंद होत नाही. आणि क्लासवाल्यांच्या ‘अंतराळवीर फाउंडेशन बॅच’ला पैसे भरू नका.

राहिला वहिनींचा प्रश्न. रविवारी सकाळी तिघंही घरी या. क्लॅम्प माझ्याकडं आहे. रिंग व्हिटॉन या रबराचीच लागते, दुकानात मिळणारी साधी काळी नायट्रिलची रिंग एवढ्याशा गारठ्यात फारशी ताठ होत नाही आणि प्रयोग फसतो. तीही शोधून ठेवलीय. काच-ग्लास आहे. पोरीच्या हातानं करू, वहिनी शेजारी बसून बघतील. येताना कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ तेवढा घेऊन या.